गोगलगायींचे ऐंशी तास

"मी बघते बाबा" एवढंच लेक म्हणाली आणि चहाचा कप उचलून आपल्या खोलीत निघून गेली. म्हणण्यात तसं वावगं काही नव्हतं. पण ज्या बापाने तिचं शाळेतलं प्रत्येक प्रगतिपुस्तक प्लास्टिकच्या आवरणात घालून ठेवलं, त्याला हे तीन शब्द कुठे लागतात हे बापच जाणे.

विषय होता कॉलेजच्या नोटिशीचा. दुसऱ्या वर्षाच्या जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत एखाद्या संस्थेत ऐंशी तास काम करायचं. त्याला इंटर्नशिप म्हणा, नाहीतर स्वयंसेवा म्हणा, पगार दोन्हीकडे नाही. त्याचं प्रमाणपत्र आणायचं. न आणणाऱ्याला तिसऱ्या वर्षी प्राणिशास्त्र घेता येणार नाही, त्याने उरलेल्या विषयांतून जे हाती लागेल ते घ्यावं. आमच्या लेकीला प्राणिशास्त्रच हवं होतं. नऊ वर्षांची असल्यापासून ती ओट्याखालच्या मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते हे वहीत लिहून ठेवायची. त्यामुळे आमच्या घरात साखरेचा डबा कुठे ठेवायचा हे बायको ठरवायची आणि तो मुंग्यांना कधी सापडला हे लेक सांगायची.

मी स्वतः जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात आहे. खिडकी क्रमांक चार, गेली एकतीस वर्षं. म्हणजे जीवशास्त्राच्या दोन्ही टोकांशी माझा रोजचा संबंध, मधलं तेवढं लेकीने बघायचं होतं. अर्ज, दाखला, शिक्का, सहपत्र या गोष्टी मला कोणी शिकवायला नकोत. उलट आजवर काही हजार लोकांचे अर्ज मी "अपूर्ण" असा शेरा मारून परत केले आहेत, आणि त्यातला एकही अर्ज पूर्ण होता असं कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. असा माणूस घरात असताना पोर म्हणते, मी बघते!

"तिला बघू दे ना," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते. तिचं बोलणं उत्तरासारखं असतं. त्यापुढे काही लिहायचं नसतं.

मी तिला बघू दिलं. पुरते दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी जिन्यात सर्वज्ञ भेटले. हे आमच्या तळमजल्यावर राहतात. आयुष्यभर लोकांना विमा उतरवायचा सल्ला दिला, आता निवृत्तीनंतर विम्याचं बंधन न ठेवता सगळ्याच विषयांवर देतात. सर्वज्ञ हे नाव त्यांना आमच्या मजल्यावरच्या कुणीतरी चेष्टेने ठेवलं होतं, त्यांनी ते मनापासून स्वीकारलं.

"प्रमाणपत्र?" ते म्हणाले. "अहो, असल्या गोष्टी अर्ज करून होत नसतात. ओळख लागते."

"पण नोटिशीत तर..."

"नोटीस ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी असते." त्यांनी डोळे मिटले. सर्वज्ञ विचार करताना डोळे मिटतात आणि समोरच्याला निघून जाता येत नाही. "आहे. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. वीस वर्षं कीटकांवर काम करतोय."

"शास्त्रज्ञ?"

"त्याच्याइतके कीटक कुठल्या शास्त्रज्ञाने बघितले असतील असं मला वाटत नाही."

हे वाक्य शब्दशः खरं होतं, हे मला नंतर कळलं. तूर्तास मी भारावून गेलो आणि शनिवारी सकाळी त्या गृहस्थांना घरी बोलावलं. लेक मैत्रिणीकडे गेली होती. म्हटलं, आली की एकदम आश्चर्याचा धक्का देऊ.

गृहस्थ आले ते पाठीवर टाकी आणि हातात नळी घेऊन. मला वाटलं, संशोधनाचं साहित्य असेल. मी त्यांना सोफ्यावर बसवलं, लेकीचे गुण सांगितले, मुंग्यांच्या वहीबद्दल सांगितलं. ते सगळं सहानुभूतीने ऐकत होते.

"म्हणजे मुलगी जीवशास्त्राची," शेवटी ते म्हणाले. "साहेब, आम्ही त्याच्या उलट बाजूचे. आम्ही झुरळं, ढेकूण, वाळवी मारतो. हमीसकट."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. ते मात्र अतिशय सज्जन निघाले. घरी बोलावून चहा दिलात, माणुसकी दाखवलीत, आता तसंच कसं जायचं, असं म्हणून मी "अहो, नको" म्हणेपर्यंत त्यांनी स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाल्कनी फवारून दिली. सौजन्य म्हणून.

बाल्कनीत बुटांच्या एका खोक्यात लेकीने फुलपाखरांच्या अकरा अळ्या पाळल्या होत्या.

संध्याकाळी दोन उरल्या होत्या. लेक खोक्याशेजारी उकिडवी बसून होती. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "बाबा, घरात फवारणी कुणी केली?" मी सगळं सांगितलं. सांगताना माझ्याच कानांना ते अशक्य वाटत होतं.

"माझ्यासाठी केलंत ना," ती म्हणाली. "कळलं." आणि उरलेल्या दोघींना तिने पानासकट आपल्या टेबलावर नेऊन ठेवलं.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने हात आवरता घेतला असता. पण अपराधी माणसाला जितका हुरूप येतो तितका निरपराध माणसाला येत नाही. नऊ अळ्यांची भरपाई करायलाच हवी, या विचाराने मी सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट निसर्ग संग्रहालय गाठलं. कुणाची ओळख न काढता. सर्वज्ञांना टाळण्यासाठी त्या दिवशी मी जिनासुद्धा पाय न वाजवता उतरलो.

संग्रहालयाच्या फलकावर कागद होता: 'गोगलगाय सर्वेक्षण. स्वयंसेवक पाहिजेत. एकूण जागा सहा. ऐंशी तासांचे प्रमाणपत्र मिळेल.' माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. ऐंशी! अगदी हवा तोच आकडा. खिडकीमागे एक कारकून बसले होते. आमच्याच जातकुळीचे, म्हणजे समोर माणूस आला की आधी ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधणारे. मी मनोमन त्यांना नमस्कार केला.

"अर्ज ऑनलाइन पण करता येतो," ते ड्रॉवरला उद्देशून म्हणाले.

"मी हाताने भरतो," मी म्हणालो. मी अर्ज हाताने भरतो ते बघण्यासारखं असतं. एकही खाडाखोड नाही. सगळी अक्षरं चौकटीच्या आत, एका उंचीची. भरून झाल्यावर मी तो क्षणभर लांब धरून बघितलासुद्धा.

आता इथे काय झालं ते समजून घ्यायला हवं, कारण घरी ते कुणीच समजून घेतलं नाही. आमच्या कार्यालयात अर्जदार म्हणजे खिडकीसमोर उभा असलेला माणूस. बाळाच्या जन्माची नोंद करायची तर अर्ज बाळ भरत नाही. मृत्यूची नोंद करायची तर, जाऊ द्या. ज्याच्यासाठी अर्ज आहे तो आणि अर्जदार हे एकच असू शकतात, हा अनुभव मला एकतीस वर्षांत आलेला नाही. त्यामुळे 'अर्जदाराचे नाव' या चौकटीत माझ्या हाताने माझं नाव लिहिलं. मग लेकीचं नाव कुठे लिहायचं ते शोधत मी खाली आलो. एकच जागा होती. 'आपत्कालीन प्रसंगी कोणास कळवावे.' शीर्षक जरा विचित्र वाटलं, पण नमुन्यांची शीर्षकं विचित्रच असतात, आमची तर फारच. मी तिचं नाव घातलं. 'अर्ज करण्याचे कारण' या चौकटीत लिहिलं, 'कन्येचे उज्ज्वल भवितव्य.'

कारकुनांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"पूर्ण आहे," ते म्हणाले.

हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचं सुख मी पहिल्यांदाच अनुभवलं.

दहा दिवसांनी पत्र आलं. आम्ही तिघं जेवत होतो. मी लिफाफा लेकीसमोर ठेवला, खुर्चीत मागे टेकून बसलो आणि म्हणालो, "वाच. मोठ्याने."

लेकीने वाचलं. "'आपली गोगलगाय सर्वेक्षणासाठी स्वयंसेवक म्हणून निवड झाली आहे. आपण अर्जात नमूद केलेले कारण वाचून समिती भारावून गेली. या वयात पुढच्या पिढीच्या भवितव्यासाठी...'" ती थांबली. "बाबा, हे तुम्हाला आलंय."

"मला कसं येईल?"

"तुमचं नाव आहे. माझं नाव खाली आहे. तुम्हाला काही झालं तर मला फोन करणार आहेत."

बायकोने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण लेक हसत नव्हती. तिने आपला फोन काढला आणि कालच आलेला एक संदेश माझ्यासमोर धरला. तिनेही तिथेच अर्ज केला होता. तीन आठवड्यांपूर्वी, ऑनलाइन, दोन पानी निबंधासकट. आणि तिला उत्तर आलं होतं: 'अट क्रमांक नऊनुसार एका कुटुंबातून एकच स्वयंसेवक घेता येतो. आपल्या कुटुंबातून आधीच एक अर्ज मंजूर झाला असल्यामुळे आपला अर्ज प्रतीक्षा यादीत चौदाव्या क्रमांकावर ठेवण्यात येत आहे.'

"मला कळेना, आपल्या घरातून दुसरं कोण," ती म्हणाली.

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी काही करू नका असं मी कधी म्हटलं नाही. पण करायच्या आधी एकदा विचारा तरी." तिचा आवाज पातळ झाला होता. ताटातलं तसंच ठेवून ती उठली. बाकी संस्थांची मुदत उलटून गेली होती. प्राणिशास्त्र गेलं होतं, आणि ते मी सुवाच्य अक्षरात घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कारकुनांच्या खिडकीत हजर. झालं ते सांगितलं. म्हटलं, माझं नाव काढा, तिचं घाला.

"नाव काढता येईल," ते म्हणाले. "माघारीचा नमुना भरून द्या. पण तुमची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला जाणार."

"मी बाप आहे तिचा!"

"त्याला आमच्याकडे चौकट नाही."

"अहो, यात काही माणुसकी..."

"साहेब, तुम्हीही खिडकीत बसता ना?" त्यांनी शांतपणे विचारलं. "एकदा तुमच्याकडे मी आईच्या दाखल्यासाठी आलो होतो. नावातला एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता. तीन खेपा घालायला लावल्यात मला."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. मला ते आठवत नव्हते. ही गोष्ट जास्त वाईट होती.

"पण," ते ड्रॉवर बंद करत म्हणाले, "मागच्या अंगणात बाई आहेत. सर्वेक्षण त्यांचं आहे. त्यांच्याशी बोला. मी पाठवलं म्हणून सांगू नका."

बाई म्हणजे गोगलगायींच्या शास्त्रज्ञ. पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, केसांत पेन्सिल खोचलेली. ती त्यांना सापडत नव्हती म्हणून त्या दुसरी शोधत होत्या. मी सगळी हकीकत सांगितली, अळ्यांपासून. अळ्यांच्या ठिकाणी त्यांनी डोळे मिटून घेतले, पण सर्वज्ञांसारखे नव्हे. मनापासून.

"नियम मी मोडू शकत नाही," त्या म्हणाल्या. "अट नऊ माझीच आहे. मागच्या वर्षी एकेक घराणं सहकुटुंब आलं होतं, चटया घेऊन. पण प्रत्येक स्वयंसेवकाला एक मदतनीस आणता येतो. मदतनिसाचे तास मात्र प्रमाणपत्रात धरत नाहीत. तुमची मुलगी येईल अशी?"

मी घरी येऊन लेकीला विचारलं. या वेळी खरंच विचारलं, दारावर टकटक करून. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "तास नसले तरी चालतील. गोगलगायी तर मिळतील."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. मग दोन्ही झालं.

तर अशा रीतीने मी स्वयंसेवक झालो आणि लेक माझी मदतनीस. काम सोपं होतं, म्हणजे सांगायला. मोठ्या सार्वजनिक बागेचे भाग पाडले होते, त्यातला फाटकाजवळचा भाग आमचा. सकाळी सहाला जायचं, पानांखाली, कुंड्यांच्या बुडाशी गोगलगायी शोधायच्या, प्रत्येकीच्या कवचावर रंगाचा ठिपका द्यायचा, बारीक पेनाने क्रमांक घालायचा आणि जिथून उचलली तिथेच सोडायची. आठवड्याने पुन्हा शोधायच्या. सापडलेल्यांत ठिपकेवाल्या किती आणि नव्या किती, त्यावरून बागेत एकूण किती असतील याचा अंदाज बांधायचा. बायकोला हे गणित इतकं आवडलं की तिने ते नववीच्या चाचणीत घातलं.

आम्ही भाग वाटून घेतला. पायवाटेच्या डावीकडचं लेकीचं, उजवीकडचं माझं. लेक मातीत पालथी पडून काम करायची. मी घरून छोटं स्टूल नेलं होतं. पहिल्याच दिवशी पाठीमागून परिचित आवाज आला, "काय हो, काही हरवलं का?" सर्वज्ञ सकाळी फिरायला येतात हे मी विसरलो होतो.

"सर्वेक्षण चालू आहे," मी शक्य तितक्या भारदस्तपणे म्हणालो. हातात गोगलगाय असताना भारदस्त दिसणं अवघड असतं. ती नेमकी त्याच वेळी डोकं बाहेर काढून बघते.

"मीठ टाका," सर्वज्ञ म्हणाले. "एका मिनिटात साफ."

पलीकडून लेक म्हणाली, "काका, या झाडामागे मुंग्यांचं वारूळ आहे, तुम्ही नेमके त्यावर उभे आहात." नव्हते ते. पण त्यानंतर त्यांनी सल्ला दुरून दिला.

नोंदींची वही अर्थातच माझ्याकडे होती. बाईंनी चारच रकाने सांगितले होते. मी अकरा केले. क्रमांक, दिनांक, वेळ, ठिकाण, कवचाचा रंग, तोंड कुठल्या दिशेला, हवामान, वगैरे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. क्रमांक त्रेचाळीस दोनदा हद्द ओलांडून लेकीच्या बाजूला सापडली, तेव्हा मी शेरा लिहिला, 'समज दिली.'

मात्र एका बाबतीत मी बाईंचं ऐकलं नाही. त्यांनी ठिपक्यासाठी करड्या रंगाची बाटली दिली होती. करडा रंग, करडं कवच, करडी पहाट आणि माझा चष्मा. मला एकही ठिपका दिसेना. लेकीला दिसायचे. तेव्हा मी कुणाला न विचारता बायकोच्या कपाटातून लाल नेलपॉलिश आणली. काय ठिपके उठले म्हणून सांगू! लांबूनसुद्धा ओळखू यावेत. पहिल्या आठवड्यात मी एकशेबारा लाल ठिपके दिले आणि लेकीने एकशेसात करडे.

दुसऱ्या आठवड्यात लेकीला तिच्या ठिपकेवाल्यांपैकी एक्केचाळीस परत मिळाल्या. मला सहा.

"तुमच्या बाजूला काहीतरी गंभीर घडतंय," बाई वही बघून म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "एवढ्या एकदम मरत नाहीत. मातीत काही विषारी गेलंय का? बागेच्या खात्याला पत्र लिहावं लागेल. कदाचित हा भागच बंद करावा लागेल."

मी नेलपॉलिशची बाटली खिशात घट्ट धरून उभा होतो. विष वगैरे शब्द आले की मला आता बाल्कनी आठवते. रंगाचा आणि मरण्याचा संबंध असेल का? नेलपॉलिशच्या वासाने गेल्या असतील का? माझ्या हातून अजून एकशेसहा? मी मनात आकडा मांडून बघितला आणि मांडल्याचा पस्तावा झाला.

 पुढचे तीन दिवस लेक पाचलाच उठून बागेत गेली आणि माझ्या बाजूला एका बाकाआड वही घेऊन बसून राहिली. चौथ्या दिवशी तिने मलाही उठवलं. "चला. आणि बोलू नका."

आम्ही बाकाआड बसलो. उजाडायला लागलं तसा एक तपकिरी पक्षी टुणटुण उड्या मारत आला. मान तिरपी करून पानांत बघितलं, सरळ एका लाल ठिपक्यावर चोच मारली, गोगलगाय उचलली, पायवाटेवरच्या सपाट दगडावर दोनदा आपटली आणि नाश्ता केला. मग दुसरी. शेजारीच बिनठिपक्याच्या तीन होत्या, त्यांच्याकडे त्याने ढुंकून बघितलं नाही. दगडाच्या मागे फुटक्या कवचांचा लाल लाल ढीग पडला होता.

"मी त्याच्यासाठी पाट्या लावून ठेवल्या," मी पुटपुटलो.

"श्श," लेक म्हणाली. ती वेळ टिपत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फार वर्षांनी बघत होतो, ओट्याखालच्या मुंग्यांनंतर.

त्या दिवशी बाईंकडे मी आधी गेलो, एकटा. बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "विष वगैरे काही नाही. हे आहे. तुम्ही दिलेला रंग मला दिसत नव्हता आणि ते कबूल करायची लाज वाटली. माझं नाव काढून टाका, हवं तर प्रमाणपत्र देऊ नका. पण मुलीच्या बाजूच्या नोंदी चोख आहेत, त्या वाया घालवू नका."

बाईंनी बाटली उचलून बघितली. "रंग चांगला आहे," त्या म्हणाल्या. "कुणाची?"

"बायकोची. तिलाही अजून सांगितलेलं नाही."

तेवढ्यात लेक आली. तिने दोन वह्या टेबलावर ठेवल्या. एक तिची, एक माझी. "बाई, आमच्याकडे एकाच बागेत, एकाच आठवड्यात, शेजारी शेजारी दोन रंग आहेत. करडे किती उरले, लाल किती उरले, सगळ्याची नोंद आहे. दगडाजवळच्या फुटक्या कवचांवरचे क्रमांक मी जुळवले. एकूण एकोणनव्वद. बाबांच्या वहीत प्रत्येकीचं ठिकाण आहे, त्यामुळे पक्षी कुठून सुरुवात करतो आणि कुठवर जातो तेसुद्धा काढता येतं." ती थांबली. "आणि खुणेच्या रंगामुळेच जर गोगलगायी मरत असतील, तर मागच्या वर्षीच्या पिवळ्या ठिपक्यांचं गणितही तपासायला हवं."

बाई खुर्चीत बसल्या. मागच्या वर्षीचे पिवळे ठिपके त्यांनी स्वतः निवडले होते. मला वाटलं, आता दोघांनाही हाकलतात. मग त्यांनी माझी वही उघडली, अकरा रकाने बघितले, शेऱ्याच्या रकान्यापाशी आल्या आणि हसायला लागल्या. 'समज दिली' त्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं.

"चार पानांत लिहून आण," त्या लेकीला म्हणाल्या. "तुझ्या शब्दांत. मी शब्द बदलणार नाही, चुका दाखवीन."

लेकीने सात पानं लिहिली. बाईंनी चुका दाखवल्या, तिने पुन्हा लिहिली. पुढचे आठवडे मी करडा ठिपका भिंग लावून दिला. शेवटी माझे ऐंशी तास भरले, लेकीचे कागदावर शून्य. तेव्हा बाईंनी तिच्या नावाने वेगळं पत्र दिलं: हिने माझ्याबरोबर स्वतंत्र संशोधन केलं, तेही ऐंशी तासांहून जास्त, आणि पुढच्या सुट्टीत नदीकाठच्या संशोधन केंद्रात माझ्या गटात हिची जागा पक्की आहे. पुरावा म्हणून मूळ सर्वेक्षणाचं, म्हणजे माझ्या नावाचं, प्रमाणपत्र सोबत जोडावं.

दोन्ही कागद लेकीने कॉलेजात दिले. प्राणिशास्त्र मिळालं. त्या संध्याकाळी ती घरात शिरली ती थेट माझ्याकडे आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. बायकोने विचारलं, "माझी नेलपॉलिश कुठाय?" इतका सुंदर क्षण तिने असा संपवला.

महिनाभराने कॉलेजचं एक पत्र आलं. माझ्या नावाने. तिथल्या कुणा कारकुनाने फाइलमध्ये दोन नावांचे दोन कागद बघितले आणि दोघांनाही तिसऱ्या वर्षाला चढवलं. पत्रात लिहिलं होतं: 'आपण सत्र सुरू झाल्यापासून एकाही तासाला उपस्थित नाही. पालकांसह विभागप्रमुखांना भेटावे.'

आमचे आईवडील आता नाहीत. बायको म्हणाली, मला चाचणीचे पेपर तपासायचेत. तेव्हा पालक म्हणून लेक आली.

विभागप्रमुख तरुण होते आणि रजिस्टरमधून वर बघत नव्हते. "उपस्थिती शून्य," ते म्हणाले. "घरी काय करतो हा?"

"नोकरी करतात," लेक गंभीरपणे म्हणाली. "पण वही फार छान ठेवतात, सर."

मग त्यांनी वर बघितलं. पुढची दहा मिनिटं खुलाशात गेली. शेवटी ते कपाळ चोळत म्हणाले, "एकदा चढलेलं नाव सत्र संपेपर्यंत काढता येत नाही. तशी सोयच नाही." मी त्यांच्याकडे आदराने बघितलं. किती वर्षं मी हेच वाक्य म्हणत आलोय, पण इतक्या हताशपणे मला कधी जमलं नाही. "तोवर प्रात्यक्षिकांना येऊन बसलात तरी माझी हरकत नाही."

"गुरुवारी मृदुकाय प्राणी आहेत," लेक जिना उतरताना म्हणाली. "म्हणजे शिंपले आणि गोगलगायी. येणार?"

"मी? तुझ्या वर्गात?"

"विचारतेय," ती म्हणाली.

मी गुरुवारची रजा टाकली. कारणाच्या चौकटीत काय लिहावं याचा जेवणाच्या सुट्टीभर विचार केला आणि अखेर खरं तेच लिहिलं: 'कॉलेज आहे.' आमच्या साहेबांनी अर्ज वाचला, मला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि स्वतःच्या हाताने ग्लासभर पाणी पुढे केलं.